आनंदीचा चार्ज

प्रेमलाला नोकरी लागल्याचं ऐकून तिच्या नवऱ्याने, धनाजीरावाने, रिक्षा पुसता पुसता विचारलं, "पोरं सांभाळायची नोकरी असते? मग आपली दोन मोठी झाली, ती कोणत्या खात्यात?"

"तुमच्या झोपेच्या खात्यात," प्रेमला म्हणाली. "तुम्ही रिक्षात पाय वर करून झोपलेले असायचात, तेवढ्यात ती मोठी झाली."

धनाजीरावाचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते म्हणे. त्यांच्यानंतर घराण्यात घोडा आला नाही, पण बसल्या बसल्या झोपण्याची कला मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली. घर बडोद्याच्या नवापुऱ्यात, दोन खोल्यांचं. प्रेमलाने आजवर पापड लाटले होते, त्यात कंबर गेली. शिंप्याकडे काज-बटणं केली, त्यात डोळे गेले. एका प्रसूतिगृहात आया म्हणून राहिली, तिथे फिनाइलच्या वासाने जेवणावरची वासनाच गेली. आता उरलंसुरलं अंग घेऊन तिला अशी नोकरी हवी होती, जिथे डोक्यावर पंखा असेल आणि हाताखाली एखादं हसरं पोर. अशी नोकरी कारेलीबागेत मिळाली, म्हणून ती खूश होती. पोर हसरं नव्हतं, एवढं एक सोडून.

पोराचं नाव आनंदी. वय अडीच वर्षं. आई निरुपमा कॉलेजात फिजिक्स शिकवायची. वडील लक्ष्मीकांत शहराबाहेरच्या एका कारखान्यात केमिकल इंजिनिअर होते. दोघांचेही आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे घरात पुस्तकं इतकी की भिंतींचा रंग कोणता ते त्यांनाही आठवत नव्हतं.

निरुपमाने पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट सांगितलं. "प्रेमलाबाई, महिनाभर बघू. आनंदी तुमच्या हातून जेवायला लागली, तर तुम्ही कायमच्या. नाही जेवली, तर मला सासूबाईंना इंदूरहून बोलवावं लागेल."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा चेहरा असा झाला, की आपल्याइतकीच या बाईलाही आपली गरज आहे, हे प्रेमलाला कळून चुकलं.

सोमवारी सकाळी प्रेमला तिसऱ्या मजल्यावर पोचली, तर सोफ्यावर एक ठसठशीत म्हातारी बसलेली. जरीकाठी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि मांडीवर आनंदी. प्रेमलाला वाटलं, इंदूरच्या सासूबाई आधीच आल्या, आपली नोकरी सुरू होण्याआधीच संपली.

"मी कमळाबाई," म्हातारी म्हणाली. "आनंदीला जन्मल्यापासून मी सांभाळली. चार्ज द्यायला आलेय."

"काय द्यायला?"

"चार्ज. माझे सासरे राजवाड्याच्या पहाऱ्यावर होते. नवा माणूस आला की जुना त्याला चार्ज देई. बंदूक, काडतुसं, किल्ल्या, सगळं मोजून. बस खाली."

आता या कमळाबाईंची भानगड अशी होती. त्यांचा मुलगा तुकोजीराव एका कचेरीत हेडक्लार्क झाला, आणि आपल्या आईने लोकांची पोरं सांभाळणं हेडक्लार्काला शोभत नाही, असं त्याला वाटू लागलं. म्हणून त्याने आईला सन्मानाने रिटायर केलं. पण घर घेतलं ते याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये. त्यांची गॅलरी आणि निरुपमाच्या स्वयंपाकघराची गॅलरी अशा समोरासमोर होत्या, की इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडे कमळाबाई गॅस बंद करायला उठायच्या. तुकोजीरावाने नोकरी बंद केली होती, पाहुणी म्हणून येणं थोडंच बंद केलं होतं? म्हणून कमळाबाई पाहुण्या म्हणून यायच्या. आया असताना त्या इथे फरशीवर बसायच्या, आता सोफ्यावर बसू लागल्या, एवढाच फरक.

चार्ज सुरू झाला. दूध कोणत्या पेल्यात, पेला कोणत्या हातात. झोपवताना थोपटायचं ते पाठीवर नाही, ढुंगणावर. डाव्या कानाला हात लावायचा नाही. भात मऊ, वरण पातळ, तूप वरून. "आणि भरवताना तोंड चालू ठेवायचं."

"तिचं?"

"तुझं! गप्प बसून भरवलंस तर ही गप्प बसते. तोंड शिवल्यासारखं."

प्रेमला मान हलवत राहिली. दुपारी तिने मऊ भात, पातळ वरण, वरून तूप, सगळं नियमाप्रमाणे कालवलं आणि तोंड चालू ठेवलं. चिऊ सांगितली, काऊ सांगितला, हत्ती सांगितला. शेवटी धनाजीरावाच्या रिक्षाचं इंजिन कसं आवाज करतं तेही काढून दाखवलं. आनंदीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं बँकेतला माणूस चुकीच्या खिडकीवर आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. मग ती उठली, तुरुतुरु गॅलरीत गेली आणि ओरडली, "कम्माऽ!"

समोरून लगेच उत्तर आलं, "आले गं माझे बाय!" आणि गुडघेदुखीचं निमित्त सांगून रिटायर केलेली ती बाई तीन जिने उतरून तीन जिने चढून आली, हात धुतला आणि वाटी संपवून गेली. संध्याकाळी निरुपमा घरी आली, तेव्हा कमळाबाईंनी समोरूनच बातमी दिली, "जेवली हो आनंदी! पण माझ्या हातून!"

हे रोजचं झालं. त्याशिवाय गॅलरीतून हुकूम सुटत ते वेगळेच. "प्रेमला, दूध उतू चाललंय!" "प्रेमला, तिला उन्हात कशाला उभी केलीस, पापड आहे का ती?" एकदा प्रेमलाने वैतागून गॅलरीत ओली चादर वाळत टाकली, अगदी मधोमध. पाचव्या मिनिटाला कमळाबाई दारात. "चादर नीट पिळत नाहीस वाटतं? पाणी ठिबकतंय खाली."

"काकी," प्रेमला म्हणाली, "तुमचा चार्ज देऊन संपला का?"

"बेटा, बंदुकीचा चार्ज तासाभरात देता येतो. हे जिवंत माणूस आहे."

अर्धा महिना असा गेला. आनंदीला प्रेमला अगदीच नावडती होती असं नाही. ती तिच्याबरोबर खेळायची, तिच्या बांगड्या मोजायची, तिच्या पदरात तोंड पुसायची. फक्त जेवायची नाही. आणि अट नेमकी जेवणाची होती. निरुपमाने एकदा टेबलावर इंदूरला पाठवायचं पोस्टकार्ड काढून ठेवलं. लिहिलं नाही, नुसतं ठेवलं. ते कोरं कार्ड प्रेमलाला बघवेना. निरुपमालाही बघवलं नसावं, कारण तिने त्यावर लगेच वर्तमानपत्र ठेवलं.

त्या शनिवारी संध्याकाळी कमळाबाईंनी निदान केलं. "हिला दृष्ट लागलीय."

लक्ष्मीकांत नुकताच कारखान्यातून आला होता. "कोणाची?"

"ते मिरच्या सांगतील," असं म्हणून कमळाबाईंनी कनवटीची पुडी काढली. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन आनंदीला पाटावर बसवलं आणि मूठ तिच्यावरून ओवाळायला सुरुवात केली. "आल्याची, गेल्याची, शेजाऱ्याची, पाजाऱ्याची, जिन्यातल्याची, माडीवरच्याची..." इथे त्या क्षणभर थांबल्या. "...आणि घरात नवीन शिरलेल्याची."

मग मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. आता नियम असा, की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर, मिरच्यांचा तिखटपणा तिनेच गिळला. सगळे नाक वर करून उभे राहिले. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, थोडा धूर झाला. कोणी साधं खाकरलंही नाही.

"बघा," कमळाबाई म्हणाल्या, आणि कोणाकडेही न बघता सगळ्यांना प्रेमलाकडे बघायला लावलं.

"शास्त्रीयदृष्ट्या," लक्ष्मीकांत म्हणाला, "मिरचीतला तिखट पदार्थ शोषून घ्यायला दृष्टीत काहीतरी..."

"तुम्ही गप्प बसा," निरुपमा म्हणाली. तिचा दृष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या संध्याकाळी तिने आनंदीला प्रेमलाच्या मांडीवरून उचललं ते जरा घाईनेच. प्रेमलाने ते पाहिलं. फिजिक्सवाली बाईसुद्धा गडबडली, तर आपली नोकरी गेलीच.

घरी धनाजीरावाने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "खरं आहे. तू माझ्याकडे पहिल्यांदा बघितलंस, त्यानंतर मी असाच खंगत गेलो."

"तुम्ही खंगलात? रिक्षाच्या सीटला विचारा." प्रेमला भाजी फोडणीला टाकत होती. टाकता टाकता तिचा हात थांबला. मिरची! तव्यावरच्या त्या मिरच्या कशा होत्या? जाड्या, सुरकुतलेल्या, गडद लाल. काश्मिरी. नुसत्या रंगाच्या. आणि कमळाबाईंच्या घरी दुसरी मिरची असणार तरी कशी? तुकोजीरावांना मूळव्याध होती. डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. ही गोष्ट कमळाबाईंनी स्वतःच सोसायटीभर सांगितली होती, तीही मुलाच्या बढतीइतक्याच अभिमानाने. हेडक्लार्कांच्या मूळव्याधीपायी घरातलं सगळं तिखट हद्दपार झालं होतं, आणि त्याचा आळ मात्र आपल्या डोळ्यांवर!

प्रेमला तव्यासमोर एकटीच हसायला लागली. धनाजीराव जरा दूर सरकून बसला.

दुसरी दृष्ट पुढच्या शनिवारी काढायची ठरली होती. दृष्ट जबर असली की एकदा काढून भागत नाही, असं कमळाबाईंचं म्हणणं. शुक्रवारी प्रेमला खंडेराव मार्केटला गेली. बाहेर मिरच्यांची पोती मांडून एक डोशी, म्हणजे म्हातारी, बसायची. प्रेमलाने सगळ्यात बारीक, टोकदार मिरच्या उचलल्या.

"लवंगी छे," डोशी म्हणाली. "शाक माटे?"

"ना. धुमाडा माटे," प्रेमला म्हणाली. भाजीला नव्हे, धुरासाठी.

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोना घरमां?"

"जिथे नोकरी करते त्या घरात."

"अरे बेन," असं म्हणून डोशीने स्वतःच्या हाताने आणखी एक मूठ टाकली. एवढ्या चांगल्या कामाला माप कशाला.

शनिवारी कमळाबाई आल्या, पुडी ओट्यावर ठेवली आणि पाय धुवायला गेल्या. पुडीतल्या काश्मिरी मिरच्या प्रेमलाच्या डब्यात गेल्या आणि डब्यातल्या लवंगी पुडीत आल्या. किती टाकायच्या याचा मात्र प्रेमलाने विचार केला नाही. एकीने साधं खाकरणं होईल, पुरावा नको का भक्कम? म्हणून तिने सगळ्या टाकल्या.

कमळाबाईंनी मूठ भरून ओवाळलं. आल्याची, गेल्याची, आणि अर्थात नवीन शिरलेल्याची. त्यांचे डोळे मूठ भरतानाच मिटलेले होते, त्यामुळे मुठीत काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. ओवाळून झालं तशी प्रेमलाने आनंदीला उचललं. "चल गं, खाली झोपाळ्यावर जाऊ. इथे धूर होईल." जाताना टेबलावरचं एक केळं घेतलं. पोर नाही जेवली तर आपण तरी खाऊ, असा विचार होता.

ती दुसऱ्या मजल्यावर पोचली असेल नसेल, वर कमळाबाईंनी मूठ तव्यावर सोडली.

पहिली शिंक लक्ष्मीकांतची. मग निरुपमाची. मग जो खोकला उठला, त्याला कोणाचा असं नावच राहिलं नाही. कमळाबाई "दृष्ट... दृष्ट..." एवढंच बोलू शकल्या. ती लागली होती की उतरली होती ते कोणाला कळलं नाही. एवढ्या गोंधळातही लक्ष्मीकांतमधला इंजिनिअर जागा होता. धूर बाहेर ढकलायचा तर हवेचा झोत हवा, असा हिशेब करून त्याने खिडकीतला वाळ्याचा कूलर पूर्ण वेगावर लावला आणि घराचं दार सताड उघडलं. हिशेब अगदी बरोबर होता. धूर बाहेर गेला. म्हणजे जिन्यात. तिथून तो निम्मा चौथ्या मजल्यावर गेला आणि निम्मा खालच्या तिन्ही मजल्यांवर, प्रत्येक दाराच्या फटीतून, कोणाला न वगळता.

बडोद्याच्या आसपास इतके कारखाने, की हवेला जरा वास आला की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. पहिल्या मजल्यावरच्या रमीलाबेन "गॅस! गॅस लीक थयो!" असं किंचाळत बाहेर आल्या. मग जिन्यावरून माणसं वाहू लागली. कोणी पोर उचललं, कोणी टीव्ही. चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर डोक्याला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत उतरले. तुकोजीराव समोरच्या गॅलरीतून दोन्ही हात हलवून ओरडत होते, "तोंडावर ओला रुमाल! वाऱ्याच्या उलट दिशेला पळा!" पण वाऱ्याची दिशा कोणाला माहीत नव्हती, त्यामुळे लोक गोल गोल पळत होते.

"काही नाही, काही नाही!" लक्ष्मीकांत डोळे चोळत ओरडला. "मिरच्या आहेत! नुसत्या मिरच्या!"

"इंजिनिअर आहात ना तुम्ही?" साबणवाले मास्तर गरजले. "आम्हाला फसवता? कारखान्याने हेच बोलायला शिकवलंय तुम्हाला!"

हे सगळं बागेतल्या झोपाळ्यावरून आनंदी बघत होती. प्रेमलाच्या मांडीवर बसून. आयुष्यात तिने एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं. बाबा शिंकतात, आई शिंकते, मास्तरांचा टॉवेल घसरतो, ते पकडतात, तो परत घसरतो. तिचा जबडा खाली आला आणि तसाच राहिला. प्रेमलाने सोललेलं केळं स्वतःसाठी तोंडाजवळ नेलं होतं. समोर तो उघडा जबडा बघून तिचा हात आपोआप तिकडे वळला. एक तुकडा आत गेला. आनंदीने तो न बघता गिळला. दुसरा गेला. मास्तर पायरीवरून घसरले, तेव्हा तिसरा. आनंदी टाळ्या पिटत हसत होती आणि हसायला तोंड उघडलं की आत केळं येत होतं, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

निरुपमा धडपडत झोपाळ्यापाशी पोचली, तेव्हा प्रेमलाच्या हातात नुसतं साल होतं.

"केळं... कोणी..." निरुपमाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आनंदीने खाल्लं, वहिनी."

"कोणाच्या हातून?"

प्रेमलाने हात वर करून दाखवला. चिकट होता.

सगळ्यात शेवटी कमळाबाई उतरल्या. कुंकू नाकापर्यंत आलेलं, लुगड्याचा काठ दातात. रमीलाबेनने त्यांना बाकावर बसवून पाणी पाजलं. श्वास बसल्यावर त्यांना मोठ्या कष्टाने तो निकाल द्यावा लागला, जो त्यांच्याच कायद्यात लिहिलेला होता. "दृष्ट नव्हती," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "एवढा ठसका लागला म्हणजे मुळीच नव्हती. प्रेमलाचा डोळा साफ आहे."

"मोठ्याने सांगा ना काकी, मास्तरांना ऐकू नाही आलं."

कमळाबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड नेलं. "लवंगी होती ना गं, भवाने?"

"हो."

"किती?"

"सगळ्या."

रागवावं की नाही, हे कमळाबाईंचं ठरत नव्हतं. "केळं म्हणजे जेवण नव्हे," एवढंच त्या म्हणाल्या. आणि ते मात्र खरं होतं. प्रेमलालाही ते आतून टोचत होतं. रोज दुपारी भरवायला रोज सोसायटी कुठून पळवायची?

सोमवारी दुपारी मऊ भात, पातळ वरण, वरून तूप. आनंदीने एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा प्रेमलाकडे. मग उठली आणि गॅलरीत जाऊन ओरडली, "कम्माऽ!"

समोरच्या गॅलरीत कमळाबाई उभ्याच होत्या. त्या जिन्याकडे वळणार, एवढ्यात प्रेमला आनंदीला कडेवर घेऊन कठड्यापाशी आली.

"काकी, येऊ नका! तिथूनच एक काम करा."

"काय?"

"खोका."

"काय करू?"

"खोका. परवा खोकलात ना, तस्सं. शिंकून, डोळे फिरवून."

कमळाबाईंनी आजूबाजूला बघितलं. राजवाड्याच्या पहारेकऱ्याची सून, हेडक्लार्काची आई, भर दुपारी गॅलरीत उभी राहून खोटं खोकणार? त्यांनी आनंदीकडे पाहिलं. आनंदी वाट बघत होती. कमळाबाईंनी पदर कमरेला खोचला, कठडा धरला आणि असा खोकला काढला, की खालच्या झाडावरचे कावळे उडाले. मग त्या लटपटल्या, डोळे पांढरे केले, नाक फुगवलं. आनंदी खदखदून हसली, आणि पहिला घास आत गेला.

"गेला का?" तिकडून खोकता खोकता विचारणा झाली.

"गेला! चालू ठेवा!"

वाटी निम्मी झाली, तेव्हा खोलीतून तुकोजीराव धावत आले. त्या दिवशी ते रजेवर होते. "आई! अजून धूर गेला नाही का छातीतला? डॉक्टरांकडे चल आत्ताच्या आत्ता!"

"तू आत जा," कमळाबाईंनी त्यांना हाताने मागे ढकललं. "मी नोकरी करत नाहीये. मला खोकला झालाय."

संध्याकाळी निरुपमाने रिकामी वाटी बघितली, वर्तमानपत्राखालचं पोस्टकार्ड काढलं, त्यावर इंदूरला 'आम्ही सर्व मजेत, आपण दगदग करून येऊ नये' असं लिहिलं आणि स्वतः चप्पल घालून पेटीत टाकून आली. प्रेमला कायमची झाली. तुकोजीरावांनी मात्र खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली आणली, आणि आई ती वेळेवर घेते की नाही यावर ते डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाबाई गॅलरीत आल्या त्या आधी आत डोकावून, मुलगा कामावर गेल्याची खात्री करून.

"आज वरणात हिंग घातलास का?"

"घातला."

"मग ती अर्धीच वाटी खाईल. आज नुसत्या खोकल्यावर भागणार नाही, शिंकासुद्धा लागतील. थांब, माझ्या नाकात काडी घालते."